विंझरचा उभा फ्रीझर आन् माझा गॅस

भोर-वेल्ह्यात पंचवीसएक वर्सं म्या लोकांचे फ्रीज दुरुस्त केले. त्यातले निम्मे बिघडलेलेच नव्हते, हे मला लई उशिरा कळलं. काही मी हात लावल्यावर बिघडले, ते मात्र लगेच कळलं.

अंकवाले साहेब दुकानात आले आन् म्हणाले, "हमीदभाई, तुमच्या धंद्यातलं काहीतरी आमच्या दिवाळी अंकाला द्या." म्या म्हणलं, "साहेब, मी दुसरीत दोनदा बसलो आन् तिसरीच्या वर्गाचं दार बाहेरनंच बघितलं." ते म्हणाले, "तुमी नुसतं बोला, लिवून घेणारा मी पाठवतो." तसं हे चाललंय. चुकीचं निघालं तर लिवणाऱ्याचं, बरं निघालं तर माझं.

आदी धंदा समजून घ्या. लोकांना वाटतं फ्रीजमदी थंडी तयार व्हते. तसं काय न्हाई. फ्रीज हा हमाल हाय. आतली ऊब पाठीवर घेतो आन् मागच्या काळ्या जाळीतनं बाहेर टाकतो. म्हणून मागं हात लावला की गरम लागतं. आता तुमी जाळी भिंतीला चिकटवली, तर हमालानं वझं टाकायचं कुठं? दार फटीभर उघडं ठेवलं, तर ह्यो एक वझं टाकून येतोय तवर मागनं चार आत शिरलेली. हमाल मरतो, आन् गिऱ्हाईक म्हणतं, "फ्रीज गार करत न्हाई, मिस्त्री."

आन् मिस्त्री काय म्हणतो? "गॅस गेला."

हे माझं लाडकं वाक्य व्हतं. खरं म्हंजे गॅस बंद नळीत फिरत असतो, भोक पडल्याबिगर तो जातोय कुठं? पण 'गॅस गेला' म्हणलं की समोरच्याचं तोंड बंद. डोळ्याला दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई, भांडायचं कुणाशी? भोरातल्या एका गिरणीवाल्याच्या घरी म्या असाच गॅस भरला. आठ दिवसांनी त्याच्या बायकोनं मागची जाळी नुसती कुंचल्यानं झाडली. पायलीभर पीठ निघालं. फ्रीज गारठला. ती बाई मला बाजारपेठेत भेटली की अजून हातानं झाडल्यासारखं करून दाखवते.

घरी तर त्याच्याहून वाईट. एका बकरी ईदेला म्या आमचं, थोरल्या भावाचं आन् मेव्हण्याचं, तिन्ही घरचं मटण कापल्या कापल्या आमच्याच फ्रीझरात कोंबलं. हवेला फिरायला बोटभर जागा ठेवली न्हाई. तिसऱ्या दिवशी वरचं मऊ, मधलं कोमट, आन् वास पार गल्लीत. आमची रशीदा कमरेला पदर खोचून म्हणाली, "आवं, तुमच्या फ्रीझरचा बी गॅस गेला का?" तवा शिकलो की गरम माल एकदम भरायचा न्हाई. थोडा थोडा, मधी वारा खेळेल असा ठेवायचा. पण एवढंच शिकलो. बाकीचं शिकायला विंझरला जावं लागलं.

दोन हजार साल उलटून दोन-चार वर्सं झाली असतील. वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझरला शालनताई म्हणून एक बाई. दहावी नापास, पण डोकं वकिलाचं. तिनं आपल्यासकट गावातल्या सात बायांचा बचत गट केलेला. उन्हाळ्यात डोंगरातनं करवंदं आन् जांभळं गोळा करायची, बिया काढून गर करायचा, पिशव्या भरून गोठवायच्या आन् पुण्याच्या एका आईसक्रीमवाल्याला द्यायच्या. त्यासाठी गटानं पुण्यातनं जुना उभा फ्रीझर आणला. कपाटासारखा, माझ्यापेक्षा उंच, आत सहा खण. पुरुषमंडळी पारावर हसायची, "बायकांनी थंडी इकत घेतली." ताईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं व्हतं.

फ्रीझर बसवायला मला बोलावलं. ताईच्या पडवीत जमीन मातीची, शेणानं सारवलेली, गालीच्यासारखी मऊ. मागं भिंतीकडं जोत्याचा दगड वर आलेला. मागचे पाय त्या दगडावर, पुढचे मातीवर. कपाट जरा डुगडुगत व्हतं. मागच्या एका पायाखाली म्या काहीतरी दुमडून पाचर मारली. डुगडुग थांबली. चहा पिलो आन् भोरला परत आलो. आपल्या कामावर खूश असणारा माणूस लई धोक्याचा असतो, हे तवा कुणी सांगितलं न्हाई.

आठ-दहा दिवसांनी विंझरच्या एसटीडी बूथवरनं ताईचा फोन.

"मिस्त्री, वरच्या खणातल्या पिशव्या मऊ पडल्यात."

"गॅस गेला असंल," म्या फोनवरच निदान केलं.

मोटरसायकलला गॅसची टाकी बांधून नसरापूर, मार्गासनी करत गेलो. माल काढून सगळं कपाट रिकामं केलं, दुपारभर दार उघडं टाकून बसलो, गॅस भरला. संध्याकाळी लावलं तर काय झकास! आत हात घातला तर बोटं चिकटायला लागली. गटातल्या बाया एवढ्या हरखल्या की त्यांनी माझा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ. माझ्या डोक्यावर माझी जाळीची टोपी व्हतीच, तिच्यावर त्यांनी गांधी टोपी बसवली. तसाच भोरपर्यंत आलो. रस्त्यानं लोक वळून बघत व्हते, मला वाटलं इज्जतीनं बघतायत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. पुन्हा वरचे खण मऊ. आता गॅस गेला म्हणायला मलाच लाज वाटली, म्हणून म्या परत माल काढून दार उघडं टाकलं आन् थंडी कमी-जास्त करणारं बटणच बदललं. दाराचं रबर बी तपासलं. त्याची आमची पद्धत सोपी हाय. एसटीचं तिकीट दारात धरायचं, दार लावायचं आन् तिकीट ओढायचं. सहज सटकलं तर रबर गेलं. म्या दार दोन्ही हातांनी दाबून लावलं आन् तिकीट ओढलं. फाटलं पण निघालं न्हाई. रबर पास. फ्रीझर परत झकास. ह्या वेळी सत्कार न्हाई झाला. ताईची सासू, सोनाबाई मावशी, उंबऱ्यात बसून नुसती म्हणाली, "ह्या मिस्तरीनं हात लावला की चार दिस उतार पडतो, मग पुन्हा ताप. ह्यापरास अंगारा लावलेला काय वाईट?"

तिसरा फोन आला तवा जून लागलेला. पाऊस अजून लांब, नुसता उकाडा. जांभळाचा हंगाम भरात. म्या आदीच सांगून टाकलं, "ताई, तुमच्याकडं लाइट कमी दाबाची येत असंल. त्याला मी काय करणार?"

"लाइट भरपूर हाय, मिस्त्री," ताई म्हणाली. "इतकी, की फोनवर बी तुमचा खोटेपणा दिसतोय."

मग तिचा आवाज खाली आला. "तीन दिवसांनी पुण्याचे आईसक्रीमवाले साहेब माल न्यायला येणार. ते म्हणालेत, दगडासारखा पाहिजे, मऊ पडलेली एक पिशवी नको. माल न घेता गेले तर माझ्या दारात त्या दिवसापासनं एक बी बाई यायची न्हाई. माझ्या शब्दावर सहा जणींनी ह्या डब्यात घामाचा पैसा घातलाय. तुमाला येत नसंल तर तसं सांगा, मी दुसरा मिस्त्री बघते."

धंद्यात तवर मला कुणी असं सरळ इचारलं नव्हतं, येतं का न्हाई म्हणून. म्या म्हणलं, "येतो." म्हंजे विंझरला येतो. दुरुस्त करायला येतं का, ते मलाच ठावं नव्हतं.

गेलो तर सातीजणी पडवीत हजर. म्या पहिल्यांदा अक्कल वापरून आतली मागची पत्र्याची पाठ खोलली. आन् बघतो तर काय, आत बर्फाचा डोंगर! अशा उभ्या फ्रीझरात मागं गार नळ्या असतात, आन् एक पंखा ती थंडी सगळ्या खणांत फुकतो. तो पंखा बर्फात पार गाडला गेलेला. मागं हिमालय आन् पुढं पाणी. गॅस जागेवर, बटण जागेवर, लाइट जागेवर. वाराच कोंडलेला.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला, आन् पडला तो माझ्याच तोंडावर. मी दर वेळी काय करायचो? माल काढून दुपारभर दार उघडं ठेवायचो. तेवढ्यात बर्फ आपोआप वितळायचा, पंखा मोकळा व्हायचा, आन् आठवडाभर फ्रीझर चालायचा. म्हंजे बरं केलं ते उन्हानं, आन् टॉवेल-टोपी घेतली म्या!

"ताई, बर्फ वितळवायला लागंल. माल कुठं ठेवायचा?"

मी इचारलं, पण उत्तर सोनाबाई मावशीनं दिलं. "भाताच्या तुसात पुरा. कणगी रिकामी हाय."

भाताचं तूस! ह्या मुलखात काय कमी हाय त्याची? बायांनी भराभर गोणपाटात पिशव्या गुंडाळल्या, कणगीत तळाला तूस, वर पिशव्या, परत तूस, आन् सगळ्यावर दोन गोधड्या. मी इतकी वर्सं थंडीचा धंदा करतोय, आन् थंडी राखायची अक्कल त्या म्हातारीला. वरच्या दोन खणांतल्या पिशव्या मात्र पार पाणी झालेल्या. त्या वेगळ्या काढल्या. डोंगर चढून, बोटं जांभळी करून केलेलं काम गेलं ते गेलंच. गटातली एक बाई त्या पिशव्यांकडं बघत व्हती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत उकळत्या पाण्याची पातेली ठेवली, दार लावलं. तासातासाला पाणी बदलायचं. डोंगर धडाधड पडायला लागला. पण बर्फ काढला म्हंजे रोग गेला न्हाई. एवढा बर्फ आला कुठनं? बर्फ म्हंजे हवेतलं पाणी. हवा आत शिरतेय. शिरते तर कुठनं? परत तिकीट लावलं. परत फाटलं. रबर ठणठणीत.

मी हरलो. खरंच हरलो. फ्रीझरच्या बाजूला भिंतीला पाठ लावून फतकल मारून बसलो. कुणीतरी माझ्यापुढं पितळीत जांभळं ठेवली. तोंडात टाकायला गेलो तर एक हातातनं निसटलं. ते भिंतीपासनं गडगडत निघालं, फ्रीझरच्या कडेनं पुढं आलं आन् थेट उंबऱ्याला जाऊन थांबलं.

म्या दुसरं सोडलं. ते बी उंबऱ्याला. तिसरं सोडलं.

"मिस्तरीचं डोकं फिरलं जणू," मावशी म्हणाली.

"ताई," म्या ओरडलो, "तुमी ह्याच्यात माल कसा ठेवता? ठेवून दाखवा. जसा रोज ठेवता तसा. माझ्याकडं बघू नका."

ताईनं दोन्ही हातांत पातेलं घेतलं, कोपरानं दार उघडलं, पातेलं आत ठेवलं, दुसरं रिकामं उचललं आन् हात गुंतलेले म्हणून कमरेनं दार ढकलून वळली. दार लागलं. ताई चुलीकडं निघाली. आन् मग, माझ्या डोळ्यांदेखत, दार हळूच मागं आलं. अंगठ्याएवढी फट ठेवून थांबलं.

कपाट पुढं झुकलेलं! मी तपासताना दोन्ही हातांनी दार दाबायचो, तवा ते चिकटायचंच. पण बायांना दोन हात मोकळे असतात कधी? त्या कमरेनंच ढकलणार. सहा खण भरले की वजनानं पुढचे पाय सारवलेल्या मातीत रुतायचे, मागचे दगडावर ताठ. झुकलेलं दार आपल्याच वजनानं उघडायचं आन् दिवसभर दमट हवा आत ओढायचं.

मी पोटावर पडून खाली बघितलं. मागच्या पायाखाली पाचर. पाचरीनं मागनं आनखी उचलून धरलेलं. ओढून काढली. दुमडलेलं पुस्तक निघालं. फ्रीझरबरोबर आलेलं, कंपनीचं माहितीचं पुस्तक.

"हे खाली कुणी घातलं?" ताईनं इचारलं.

पडवीत आठ बाया, आन् खोटं बोलायला मला पुरेपूर वेळ व्हता. पण जमलं न्हाई. म्या म्हणलं, "म्या घातलं, ताई. पहिल्या दिवशी. तुमच्या फ्रीझरला झालेला आजार म्हंजे मीच."

ताईनं पुस्तक हातात घेऊन चपटं केलं, पहिलं पान उघडलं. इंग्रजी. म्या म्हणलं, "मला वाचता येत न्हाई हो." तिनं पुढचं पान उलटून माझ्यापुढं धरलं. त्याच्यावर अक्षर नव्हतंच. चित्र व्हतं. एक फ्रीझर सरळ उभा. शेजारी एक पुढं झुकलेला, आन् त्याच्यावर ही मोठी फुली.

आदी सोनाबाई मावशी हसली. मग सगळ्याच हसायला लागल्या. पोट धरून, एकमेकीच्या अंगावर पडून. मला बी हसू आलं. शाळा नसल्याचं कारण म्या जलमभर पुढं केलं, आन् हितं चित्रानं बी मला सोडलं न्हाई.

पुढचं काम पाच मिनटांचं. परसातनं शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणून पुढच्या पायांखाली सारले, कपाट नखभर मागं कललं. आतल्या खणात जांभूळ सोडलं, ते मागं भिंतीकडं गेलं. ताईनं कमरेनं दार ढकललं. दार लागलं आन् लागलेलंच राहिलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापास्नं माझ्या पिशवीत एक निम्मी पाण्याची बाटली असते. कुठल्याबी फ्रीजवर आदी ती आडवी ठेवायची आन् पाणी कुठं पळतंय बघायचं. गॅसची टाकी त्याच्या लई नंतर.

पण लढाई निम्मीच झाली व्हती. कणगीतला माल दगडासारखाच व्हता, त्यो आत गेला. वरचे दोन खण रिकामे. दोन दिवस हातात. ताईनं फर्मान काढलं, "उद्या पहाटं डोंगरात जायचं. दोन खण भरायचेच." सातीजणी गेल्या. दुपारपर्यंत टोपल्या भरून जांभळं आली, संध्याकाळपर्यंत गर. एक बाई म्हणाली, "सगळं एकदम भरून टाकू." म्या हात जोडले. "बाई, माझ्या घरी ईदेला हे करून झालंय. वास अजून गेला न्हाई." थोड्या थोड्या पिशव्या ठेवल्या, चपट्या करून, मधी फट ठेवून. पहिल्या गोठल्या की दुसऱ्या. भोरला निरोप धाडला की मी विंझरलाच हाय. रशीदाचा उलट निरोप आला, "राहू द्या. तितं तरी काम करतील."

तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याचे साहेब टेम्पो घेऊन आले. पांढरा शर्ट, हातात सुरी. नमस्कार-चमत्कार झाला आन् ते थेट फ्रीझरकडं गेले. पारावरची दोन-चार पुरुषमंडळी बी रेंगाळत अंगणात आलेली. ताई दाराला टेकून उभी. तिनं पदराचं टोक बोटाला एवढं गुंडाळलं व्हतं की बोट पांढरं पडलेलं.

साहेबांनी मुद्दाम वरचाच खण ओढला. एक पिशवी काढली, सुरीचं टोक टेकवलं आन् दाबलं. सुरी घसरली. परत दाबलं. परत घसरली. त्यांनी पिशवी जोत्यावर आपटली. ठण्ण! दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज झाला. अंगणातली माणसं दचकली.

"किती आहेत?" साहेबांनी इचारलं.

"सहा खण," ताई म्हणाली.

"सगळ्या द्या. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला देऊ नका."

बायांनी रांग धरून हातोहात पिशव्या टेम्पोतल्या थर्माकोलच्या पेट्यांत भरल्या. पारावरचा एक जण मदतीला पुढं आला तर मावशी म्हणाली, "तू लांब ऱ्हा रं, तुज्या हाताची ऊब लागंल." टेम्पो मोठ्या रस्त्याला लागला, नसरापूरच्या दिशेनं धुरळा उडवत गेला. ताई वळणापर्यंत बघत राहिली. मग मागं फिरली आन् बोटाचा पदर सोडला.

पडवीत रिकामा फ्रीझर घुमत व्हता. ताई गेली आन् तिनं दार सताड उघडलं. पांढरी वाफ तिच्या पायावर सांडली. बाहेर अंगाची लाही व्हत व्हती. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून. मग एकेक करून सगळ्या आल्या. खांद्याला खांदा लावून सातीजणी त्या वाऱ्यात उभ्या, घामेजलेल्या मानेवरचे केस बाजूला करून. मावशीनं तर तोंडच आत घातलं.

माझा हात सवयीनं दाराकडं गेला. मिस्त्री माणूस, उघडं दार बघवत न्हाई.

"आवं भाई," ताई डोळे न उघडता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की जरा."

कपाट आता मागं कललेलं, दार सारखं लागायला बघत व्हतं. म्या ते हातानं धरून ठेवलं. उघडं.